बसायची गादी : प्रकल्प नोंदी, दांडिया बाजार, बडोदा

९ जून २०२५
काम असं आहे: नवरात्राच्या चणियाचोळ्यांचा हंगाम सुरू व्हायच्या आत मला शिवणयंत्रासमोर सलग तासभर बसता आलं पाहिजे. त्यासाठी लागेल ते सगळं या वहीत येईल. गादी शिवायची आहेच, पण खुर्ची, यंत्राची उंची, उठायची पद्धत, लेकीला पाजायची पद्धत, डॉक्टर आणि व्यायाम हेही याच कामात धरते.

आधीचं थोडक्यात. जानेवारीत मुलगी झाली. शेवटी बाळाला बाहेर काढायला चिमटा (फोर्सेप्स) लावावा लागला. दुसऱ्या दिवशी मला पहिल्यांदा उठवून बसवलं तेव्हाच पाठीच्या अगदी खालच्या टोकाला कळ आली. टाके भरून आले, सव्वा महिना झाला, अंगात ताकद आली, ही कळ मात्र तशीच आहे. उभी असताना, चालताना काही नाही. बसलं की थोड्या वेळात सुरू होते आणि खुर्चीवरून उठताना सगळ्यात जास्त. ज्यांना ज्यांना सांगितलं त्या प्रत्येकीने 'बाळंतपणानंतर एवढं चालायचंच' असं म्हटलं. त्यातल्या कितीतरी जणी स्वतः वर्षानुवर्षं एका कुशीवर रेलून बसत आल्या आहेत, हे आता माझ्या लक्षात येऊ लागलंय.

१३ जून
हाडांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. बाईंनी घाई केली नाही. एक एक्सरे उभं करून आणि एक बसवून घेतला, दोन्ही वेळा बाजूने. बसल्यावरच दुखत असेल तर बसूनच फोटो घ्यायला हवा. झोपवून काढलेल्या एक्सरेत असा दोष दिसत नाही, असं त्या म्हणाल्या. पॅरिसचे डॉक्टर ज्याँ-इव्ह मेन्य यांनी ही तपासणी रूढ केली. बसल्यावर माकडहाड ५ ते २५ अंश हलणं नेहमीचं. त्याहून जास्त हललं, किंवा सांध्यातून मागे निसटलं, तर दुखण्याचं कारण सापडलं म्हणायचं. माझं टोक बसल्यावर मागे सरकतं. मोडलेलं नाही.

त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं ते उतरवून ठेवते. माकडहाड म्हणजे कण्याचा शेवट, तीन ते पाच लहान मणक्यांचा, बहुतेकांत चार. ओटीपोटाचा तळ तोलून धरणारे स्नायू आतून त्याला येऊन मिळतात, नितंबाचा मोठा स्नायू मागून. बाळ बाहेर येताना हे टोक मागे ढकललं जातं आणि वाट मोठी होते. सिझेरियन सोडलं तर प्रत्येक बाळंतपणात हे होतं. पण बाळाचं डोकं मोठं असेल, कळा लांबल्या असतील, चिमटा किंवा व्हॅक्यूम लागला असेल तर सांध्याचे बंध ताणले जातात, कधी सांधाच निसटतो. मेन्य यांच्या गटाने २०१२ साली बाळंतपणानंतर माकडहाड दुखणाऱ्या ५७ बायकांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांच्यात सांधा निसटलेल्यांचं प्रमाण इतर कारणांनी दुखणाऱ्यांपेक्षा बरंच जास्त होतं, चिमटा लावलेली बाळंतपणंही पुष्कळ होती, आणि दुखणं सुरू झालं ते बाळंतपणानंतर पहिल्यांदा बसताना. माझीच हकीकत.

घरी आल्यावर आणखी वाचलं. एडिंबराचे जेम्स यंग सिम्प्सन, ज्यांनी १८४७ साली बाळंतपणात क्लोरोफॉर्म वापरलं, त्यांनीच १८५९ साली या दुखण्याचं वर्णन करून त्याला नाव दिलं. दीडशेहून जास्त वर्षं प्रसूतीच्या डॉक्टरांना ही गोष्ट ठाऊक आहे. मग बाळंतिणीला घरी सोडताना टाक्यांची काळजी, दुधाची काळजी सांगतात त्याच दमात 'बसताना शेपटाच्या हाडाला दुखलं तर दाखवायला या' एवढं एक वाक्य का सांगत नाहीत? मला हे मनापासून लागलंय.

उपचार म्हणून सध्या: भार हलका करणारी गादी, दिवसातून दोनदा टबात कोमट पाणी घेऊन पंधरा मिनिटं बसणं, शौचाला कुंथावं लागू न देणं, अंगावर पाजत असताना चालेल अशी वेदनाशामक गोळी (त्यांनी लिहून दिली तीच, तेवढेच दिवस), आणि फिजिओथेरपी. एवढ्याने भागलं नाही तर इंजेक्शन. हाड काढून टाकायची शस्त्रक्रियाही असते, पण ती अगदी शेवटी, आणि बहुतेकींवर ती वेळ येत नाही.

१६ जून
मेडिकलमधून आणलेली हवेची गोल रिंग नीट तपासली. मधे भोक असल्याने हाड अधांतरी राहील असं वाटतं, पण बसल्यावर रिंगची मागची कड थेट माकडहाडाखाली येते. शिवाय दोन्ही बाजूंनी मांस ताणलं जातं. टाके ओले असताना तिचा उपयोग झाला होता. या दुखण्याला ती नको. मागची बाजू पूर्ण मोकळी असलेली, घोड्याच्या नालेसारखी गादी हवी.

१९ जून
ब्लाऊज मापाशिवाय बेतत नाही, गादीही तशीच बेतायची. आपण सरळ बसतो तेव्हा भार बसकीच्या दोन हाडांवर असतो, नितंबाखाली हात घालून चाचपली तर सापडतात. मागे रेललं की भार त्या दोन हाडांवरून सरकून माकडहाडावर येतो. तेव्हा गादीने ती दोन हाडं धरायची, तिसरं सोडायचं. दोघांतलं अंतर कळलं तर काप किती रुंद घ्यायचा ते ठरतं. काप फार रुंद घेतला तर दोन हाडंच त्यात उतरतील आणि माणूस आत रुतेल.

कणीक घट्ट मळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली, जाड पोळीएवढी थापली, लाकडी स्टुलावर ठेवून वर जरा पुढे झुकून बसले. दोन खळगे स्पष्ट उमटले. मधोमध ते मधोमध पाच इंच. खोक्याच्या पन्हाळी पुठ्ठ्यावरही करून पाहिलं, तिथे दाब हाताला लागतो पण डोळ्यांना तितका दिसत नाही. कणीकच बरी.

कागदी खाका: रुंदी अठरा इंच, खोली सोळा. मागच्या कडेला मधोमध काप तीन इंच रुंद, पाच इंच आत, टोक गोल. मागची जाडी तीन इंच, पुढे उतरत दोन. पुढे उतार दिला की कंबर आपोआप पुढे कलते आणि मागे रेलावंसं वाटत नाही.

२४ जून
मंगळबाजाराकडे फोम आणायला. रिक्षात बसवत नाही म्हणून चालत गेले, लेक आईंकडे. (सासूबाईंना मी आई म्हणते, वहीत पुढेही तसंच लिहीन.) दुकानदारांनी आधी अगदी मऊ फोम पुढे केला. 'बेन, बेसीने जुओ,' म्हणाले. बसले. पहिल्या क्षणी फार सुख, आणि मग खालची फळी लागली. मऊ फोम वजनाने चपटा होतो आणि मग हाडाला टेकायला फळीच उरते. कापसाचंही तेच, महिन्या-दोन महिन्यांत दबतो. शेवटी दोन थर घेतले: खाली दीड इंच रीबॉन्डेड, जो दाबला तरी फारसा दबत नाही, आणि वर दीड इंच ४० डेन्सिटीचा. दुखण्याचं कारण सांगितल्यावर दुकानदार जरा थांबले, मग म्हणाले, माझ्या सुनेलाही असंच होतं, ती जमिनीवर बसत नाही. तिने कधी कुणाला दाखवलंय का विचारलं. नाही.

२८ जून
गादी शिवून झाली. नोंद करण्यासारखं शिवणीतलं बरंच आहे.

फोम कापायला लांब पातळ सुरी, पातं ओलं करून, एकाच दिशेने ओढत. करवतीने कड फाटते. कापाच्या आतल्या कडा सरळ न ठेवता बाहेरच्या बाजूला उतरत्या कापल्या, नाहीतर कड मांसात रुतते.

सगळ्यात महत्त्वाचं खोळीचं. विकतच्या काही गाद्यांना खोळ आडवी सरळ असते, म्हणजे फोमला काप आहे पण त्यावरून कापड ताणून गेलेलं. बसलं की ते कापड झोळीसारखं ताणतं आणि नेमकं जे हाड सोडायचं त्यालाच वर ढकलतं. खोळ कापाच्या आत उतरली पाहिजे. त्यासाठी वळणावर अर्ध्या-अर्ध्या इंचावर कातर दिली, आणि कापाच्या भिंतीला वेगळी पट्टी लावली. पाइपिंग कुठेच नाही, बसायच्या जागी गाठ नको. आतलं अस्तर मांजरपाटाचं, वरची खोळ सुती दसुतीची, झिप पुढच्या बाजूला. तळाला जुन्या योगा मॅटचा तुकडा, म्हणजे गादी खुर्चीवर सरकत नाही.

संध्याकाळी चाचणी. अर्ध्या तासाने कळ आली, पण रोजच्यापेक्षा बोथट. उठताना अजून तीच.

६ जुलै, आषाढी
उपास. साबुदाणा, बटाटा, शेंगदाणे. माझ्या लक्षात आलंय की पोट घट्ट झालं की दुसऱ्या दिवशी दुखणं दुप्पट. कुंथताना त्याच स्नायूंवर जोर येतो, शिवाय मळाचा गोळा आतून त्याच हाडाला लागतो. आजपासून उपास राजगिरा, भरपूर पाणी, पपई आणि भिजवलेल्या काळ्या मनुकांवर. डिंकाच्या लाडवांवर आत्याबाईंचा फार भर आहे. प्रेमाने करतात, मी खाते, पण सोबत पालेभाजी वाढवली.

१४ जुलै
फिजिओथेरपिस्ट ताईंकडे. बाळंतपणानंतर तळाचे स्नायू ढिले पडतात म्हणून ते आवळायचे व्यायाम करा असं सगळीकडे सांगतात, मीही मार्चपासून करत होते. ताईंनी तपासून सांगितलं की माझे स्नायू उलट आवळून राहिले आहेत. दुखतं म्हणून शरीर ते धरून ठेवतं, आणि धरून ठेवल्याने ते माकडहाडाला ओढत राहतात. अशा वेळी आवळायचा व्यायाम बंद. आधी सोडायला शिकायचं.

ते असं. पाठीवर झोपून गुडघे उभे, एक हात पोटावर. श्वास घेताना पोट वर येतं आणि तळ खाली उतरतो. तो उतरताना जाणवेपर्यंत थांबायचं. सोडताना मुद्दाम काही ओढून घ्यायचं नाही. मग दोन्ही गुडघे छातीशी घेऊन थोडं रुंद करून तसंच पडून राहायचं. मग बालासन. मग एका पायाचा घोटा दुसऱ्या गुडघ्यावर ठेवून मांडी जवळ ओढायची, म्हणजे नितंबातला खोल स्नायू ताणला जातो. हातमोजा घालून गुदद्वारातून आतले स्नायू आणि सांधा सैल करायचीही पद्धत आहे. ती शिकलेल्याच हातांनी करायची, आणि मला आधी नीट विचारून, थांबवायचं कसं ते ठरवून केली. थोडं लाजल्यासारखं झालं. त्या रात्री लेकीला मांडीवर घेऊन मी पहिल्यांदा निवांत बसले.

उठायची पद्धतही त्यांनीच शिकवली आणि ती गादीइतकीच उपयोगी पडतेय. आधी खुर्चीच्या पुढच्या कडेला सरकायचं, पावलं गुडघ्यांच्या मागे घ्यायची, कमरेतून पुढे वाकून नाक पायाच्या बोटांवर आलं की मगच उठायचं. मागे रेललेलं असताना तसंच उठलं तर सगळा जोर त्या टोकावरून जातो.

२० जुलै
लेकीचं उष्टावण. मामाने मांडीवर घेऊन भरवलं. मी पाटावर न बसता खुर्चीवर, गादीसकट. कुणी काही बोलायच्या आत आईंनी सगळ्यांना सांगून टाकलं, 'तिला खाली बसायचं नाहीये, डॉक्टरांनी सांगितलंय.' बरं वाटलं.

आईंशी आंघोळीचंही बोलणं झालं. पाय लांब करून पाटावर बसायचं, बाळाला पायांवर घ्यायचं, ही आमची न्हाऊ घालायची रीत. त्या बसण्यात कंबर मागे कलते आणि पूर्ण भार माकडहाडावर येतो. आई म्हणाल्या, 'मी घालीन की गं न्हाऊ. माझी पाठ अजून चांगली आहे.' आणि मग हळूच, 'मलाही तुझ्या नवऱ्याच्या वेळी दोन वर्षं दुखत होतं. कुणाला सांगायचं?' त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांचं माप घेतलं.

२ ऑगस्ट
यंत्राची उंची. गादीमुळे बसायची उंची वाढली, दबल्यावरही जवळजवळ दोन इंच. त्यामुळे मान खाली जाऊ लागली आणि खांदे भरून आले. टेबलाच्या पायांखाली सुताराकडून सागाचे ठोकळे करून घातले आणि पायाच्या मोटर-पेडलखाली फळी दिली, म्हणजे मांड्या सरळ राहतात. कापायचं, खडूने आखायचं, इस्त्रीचं काम ओट्यावर उभ्याने. हातशिलाई, तुरपाई कुशीवर पडून होत नाही, पण उंच स्टुलावर अर्धं टेकून होते. दर अर्ध्या तासाला गजर. गजर झाला की धागा अर्धवट असला तरी उठायचं. गिऱ्हाईक समोर असेल तर 'एक मिनिट उभी राहते' असं म्हणायची सवय लावतेय.

पाजणं आता बहुतेक कुशीवर झोपून. बाहेर असेन तर गादी पिशवीत. स्कूटरवर मागे बसणं अजून बंद, खड्डे आणि स्पीडब्रेकर सोसत नाहीत.

११ ऑगस्ट
गादीची बातमी वाड्यात पसरली. शेजारच्या वहिनींना सिझेरियन झालं होतं तरी दुखतं. त्यांना आधी पटेना की असंही होतं. गरोदरपणात बंध सैल झालेले असतात, नंतर महिनोन् महिने बाळाला घेऊन मागे रेलून बसणं होतं, तेवढ्यानेही हे सुरू होऊ शकतं. कणकेवर त्यांचं माप साडेपाच इंच आलं, म्हणून काप जरा रुंद घेतला.

दुसऱ्या एक काकू आल्या. त्यांच्या बोलण्यात 'तिथे ओलं लागतं' असं आलं. मी गादीचं माप न घेता त्यांना सर्जनकडे जायला सांगितलं. नितंबांच्या फटीत वरच्या टोकाला केसांमुळे गळू, नाडीव्रण होतो, त्याचं दुखणं अगदी याच जागी असतं आणि त्याला गादीचा काही उपयोग नाही. त्यांचं तेच निघालं.

तेव्हापासून खाक्याच्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय: ताप, सूज किंवा पू, रात्री झोपेतही न थांबणारी वेदना, वजन उतरणं, मांड्यांच्या मधे बधिरपणा, लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणं, पायातली ताकद जाणं, यातलं काहीही असेल तर गादी बाजूला ठेवायची आणि आधी डॉक्टर. शेवटच्या तिन्हींना तर त्याच दिवशी. ज्यांना यातलं काही नाही पण दुखतंय, त्यांनीही एकदा दाखवून घ्यावं, मग माझ्याकडे यावं.

१ सप्टेंबर, गौरीपूजन
खंडेराव मार्केटमधून फुलं आणून देण्यापर्यंतचं काम उभ्याने. पूजा चौरंगावर बसून. पुरण वाटायचं काम मागितलं, ओट्याशी उभं राहून होतं म्हणून. संध्याकाळी सवाष्णींच्या पंगतीत दोघींनी भिंतीशी खुर्च्या मागून घेतल्या. गेल्या वर्षी त्याच दोघी अवघडत खाली बसल्या होत्या.

१२ सप्टेंबर
ऑर्डरी आल्या. यंत्रासमोर पाऊण तास बसते, उठते, पाच मिनिटं चालते, परत बसते. तासभर सलग ठरवलं होतं, ते सोडून दिलं. ताईंच्या मते तुकड्यातुकड्यानेच बसणं या हाडाला बरं, आणि शिवणही त्याने अडत नाही. उठतानाची कळ पुष्कळ कमी. दुपारपर्यंत चांगलं, संध्याकाळी ठसठस. पाळीच्या आधीचे दोन दिवस वाईट.

डॉक्टरांना दाखवलं. सुधारतंय, इंजेक्शनची घाई नको, असं त्यांचंही मत. लागलंच तर दोन प्रकार: सांध्याजवळ स्टेरॉइडचं, किंवा माकडहाडासमोरच्या मज्जातंतूंच्या गाठीला बधिर करणारं. दोन्ही एक्सरेखाली बघून देतात.

१९ सप्टेंबर
फोमच्या दुकानदारांच्या सुनेची गादी दिली. त्यांनी तिला आधी दाखवून आणलं होतं, एक्सरेचं पाकीट सोबत होतं. तिचंही टोक माझ्यासारखंच मागे सरकतं. तिला उठायची पद्धत करून दाखवली, तीन-चार वेळा माझ्यासमोर करवून घेतली.

पुढची कामं: खोळीची दुसरी जोडी, म्हणजे एक धुवायला टाकता येईल. वरचा फोम अंगठ्याने दाबून दर महिन्याला बघायचा, परत फुगत नसेल तर बदलायचा. ताईंनी खाक्याच्या प्रती मागितल्या आहेत, त्यांच्याकडे येणाऱ्या बायकांना द्यायला. पाठीमागे धोक्याच्या लक्षणांचा मजकूर मराठीत आणि गुजरातीत छापून देते. आत्याबाई गुजराती तपासून देणार आहेत. दिवाळीनंतर डॉक्टर, तेव्हा बसून काढलेला एक्सरे पुन्हा.